दोन बिड्यांची लाख

उदारामचे समोरचे चार दात घासून निम्मे झाले होते, आणि त्याला त्या दातांचा भारी गर्व होता.

गोंदियात लाखेच्या भट्ट्या धडधडत होत्या तेव्हाची ही गोष्ट. पळसाच्या फांद्यांवर किड्यांनी धरलेली लाख खेड्यांतून गाड्या भरभरून यायची. ती कुटायची, धुवायची, लांबलचक कापडी नळीत भरायची आणि निखाऱ्यांपुढे धरून पिळायची. पिळली की मधासारखी बाहेर यायची. त्या गरम गोळ्याचा पापुद्रा ओढायचं काम ज्याच्याकडे, तो भट्टीचा राजा. दोन पकडी हातांच्या, दोन पायांच्या अंगठ्यांच्या आणि पाचवी दातांची, अशी पाच ठिकाणी धरून उदाराम लाख ओढायचा. बघता बघता पुरुषभर उंचीचा पत्रा व्हायचा, आणि पातळ इतका की पलीकडे उभा माणूस ओळखू यावा. ते पत्रे मोडून पेट्यांत भरून कलकत्त्याला जायचे, तिथून विलायतेला, आणि तिकडे त्यांच्या गाण्याच्या तबकड्या बनायच्या म्हणे. बाजारात कुठे ग्रामोफोन वाजला की उदाराम थांबायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "ऐकून राहिला ना? हे माह्या दाताची लाख होय."

बोदलकशाकडच्या एका खेड्यात त्याच्या बापाची धानाची बांधी होती, बांधावर पळस होते. पहिल्या लढाईच्या वेळी, अठराव्या वर्षी, तो गोंदियाला आला. मिर्झापूरच्या एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं शिव्या खाल्ल्या, आणि उस्ताद परत मुलखाला गेला तेव्हा त्याच्या जागी बसला. कुडव्याला घर केलं. तेव्हा कुडवा म्हणजे शहराबाहेरचं खेडंच. घरात बायको रुख्मा. जेवण झालं की उदाराम ओसरीवर बसायचा आणि रुख्मा चिमट्यात चुलीतला निखारा धरून आणायची. त्या निखाऱ्यावर तो बिडी पेटवायचा. लग्न झाल्यापासून एक दिवस खंड नाही. तापानं फणफणलेली असली तरी निखारा यायचाच.

भट्टीचा एक कायदा होता, तो आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. लाख मारायची नाही. ती पातळ झाली रे झाली की विस्तवावरून उतरवायची. जरा जास्त वेळ राहिली तर तिला तार सुटते, मग ती रबरासारखी होते आणि नंतर कितीही तापवा, वितळायचं नावच घेत नाही. मेली म्हणायचे तिला. लाख मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पंचवीस वर्षांत उदारामच्या हातून एकदाही लाख मेली नव्हती, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचाच.

तर असा हा माणूस. त्याच्या आयुष्यात खेमराज आला, आणि तोही त्यानंच आणलेला.

खेमराज म्हणजे रुख्माचा सर्वांत धाकटा भाऊ. सात बुकं शिकलेला, बोलायला गोड, हातानं ढिला. रुख्मानं मागे लागून लागून त्याला भट्टीवर लावून घेतला. पहिल्याच दिवशी त्यानं तीन पत्रे फाडले. उदाराम पोट धरून हसला आणि सगळ्या भट्टीला हसवलं. "साळ्याच्या तोंडात दात आहेत का चुरमुरे," म्हणाला. खेमराजही हसला. मग त्याला लाखेची काडीकचरा निवडायला बसवलं, आणि तो मुकाट्यानं बसला. उदारामला तेव्हा तो आवडायचा. आपल्यापेक्षा कमी असलेला माणूस कोणाला आवडत नाही?

पुढे जपानशी लढाई जुंपली आणि बाजारातली जपानी कचकड्याची बटणं गायब झाली. शिंपी कापडाच्या गाठी शिवून देऊ लागले. खेमराजच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. गोंदियात धानाच्या गिरण्या रग्गड, आणि प्रत्येक गिरणीमागे तुसाचा डोंगर. जनावर खात नाही, शेतात कुजत नाही, कोणी फुकटही नेत नाही. त्यानं ते तूस घरी आणून जात्यावर दळलं, फडक्यातून चाळलं, वितळलेल्या लाखेत मळलं आणि लोहाराकडून केलेल्या साच्यात घालून फिरकीच्या दाबाखाली दाबलं. साचा उघडला तर आत बटण. काळपट तपकिरी, चकचकीत, चार भोकांचं. विलायतेहून काही आणायला नको, जपानकडून नको. पळस दरसाल लाख देणार आणि धान दरसाल तूस देणार.

भट्टीचे मालक ईश्वरदास शेठ. त्यांनी ते बटण उजेडात धरलं, दातानं चावून पाहिलं आणि कोपऱ्यातली लाकडी खुर्ची पुढे सरकवली. "बैठो खेमराज, बैठो."

खेमराज बसला. उदाराम दारात उभा होता. पंचवीस वर्षं तो त्या खोलीत जाऊन येऊन होता आणि पंचवीस वर्षं उभाच होता. त्या घटकेपासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

मत्सराचं एक असतं, तो माणसाला मोठा उद्योगी करतो. रुख्मानं कौतुकानं भावाचं बटण नवऱ्याच्या बंडीला लावलं. उदारामनं ती बंडी घातली आणि दिवसभर भट्टीला छाती लावून काम केलं. दुपारपर्यंत बटण मऊ पडून वाकडं झालं. तसा तो काम टाकून उठला आणि निवडणाऱ्या बायांपासून मुनीमजीपर्यंत सगळ्यांना ते वाकडं बटण दाखवून आला. मग कपडे धुणाऱ्या कवडू वरठ्याकडे गेला. कवडूनं इस्त्री टेकवताच बटणाचा चिकटा झाला. तोही त्यानं शेठला नेऊन दाखवला. इतक्या तत्परतेनं त्यानं रुख्माचं एकही काम कधी केलं नसेल.

शेठ म्हणाले, "जो बटन इस्त्री न सहे वो किस काम का? दिवाली तक बना के दिखाओ. बना तो अलग शेड दूँगा, तुमको मिस्त्री करूँगा. नहीं बना तो साँचे गलवा दूँगा, फिर कचरा बीनो."

दिवाळीला दोन महिने होते. खेमराज बहिणीच्या परसातच चूल मांडून बसला. भट्टीवरून येऊन रात पडेपर्यंत तेच. रुख्मा तूस चाळून द्यायची. बटणं व्हायची, इस्त्रीखाली वितळायची. उदाराम ओसरीवरून बघायचा आणि "होईन होईन" म्हणायचा. असं बोलायला त्याला बरं वाटत होतं.

मग तो दिवस आला. सकाळी पत्रा ओढताना उदारामच्या दातांतून लाख निसटली. समोरचा एक दात हलत होता, हे त्यानं रुख्मालाही सांगितलं नव्हतं. पत्रा मधोमध फाटला. शेठ तिथेच उभे. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "उदाराम, दाँत जवाब दे रहे हैं. दिवाली बाद बीनने में बैठ जाना."

म्हणजे कचरा निवडायला. जिथे त्यानं खेमराजला बसवलं होतं तिथे.

दुपारीच तो घरी आला. दोन घास कसेबसे गिळले. खेमराज त्या दिवशी भट्टीवर न जाता परसातच होता, त्यानं कढईत लाख घातली होती. त्याला पाहून खेमराज म्हणाला, "भाऊजी, बरे आले. साच्याचा कान तुटला, लोहाराकडून जोडून आनतो. जरासं कढईपाशी बसता काय? पातळ झाली का उतरवजा, अन् हे तूस टाकून मळून ठेवजा. तुमाले मी काय सांगू."

तो गेला. उदाराम कढईपाशी बसला. रुख्मानं नेहमीसारखा चिमट्यात निखारा आणून दिला. त्यानं बिडी पेटवली.

ती संपता संपता लाख पातळ झाली. पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप कढईच्या कडीकडे गेला. आणि त्यानं तो मागे घेतला. त्याच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची होती. हा शेडमध्ये मिस्त्री होणार, आणि मी ह्याच्या जागेवर काड्या वेचणार. हा, ज्याला पत्रा ओढता येत नाही. माझ्या घरचं खातो, माझ्या बायकोच्या हातून तूस चाळून घेतो. मरू दे लाख. एवढी चूल पेटवून, एवढं राबून ह्याच्या हाती मेलेली लाख येऊ दे.

"अजून एक निखारा आन," त्यानं हाक मारली. रुख्मानं आणला. त्यानं दुसरी बिडी पेटवली.

दुसरी बिडी अर्धी झाली तशी लाखेला तार सुटली. फेस आला, रंग गडद झाला. भट्टीवर असलं काही दिसलं की त्याचे कान तापायचे, आज तो बघत बसला. तिसरी बिडी ओढली असती तर दगडच झाला असता. पण मग खेमराजला तिथल्या तिथे कळलं असतं. दुसरी संपताच त्यानं कढई उतरवली, तूस लोटलं आणि घाईघाईनं मळून टाकलं. कोणाला काही दिसू नये इतपत.

खेमराजनं त्या मळलेल्याची बटणं दाबली. दाब फिरवताना त्याच्या कपाळाला घाम आला, एवढा तो लगदा हट्टी झाला होता. पण बटणं निघाली, चाळीसेक. दुसऱ्या दिवशी ती घेऊन दोघं कवडूकडे गेले. उदाराम मुद्दाम गेला, तमाशा चुकवायचा कसा?

कवडूनं इस्त्रीत निखारे भरले आणि बटणावर टेकवली. उचलली. बटण जसंच्या तसं. त्यानं पुन्हा टेकवली, वरून जोर दिला, उचलली. बटणाची चमकही गेली नव्हती.

कवडू म्हणाला, "हे तं मरत नाई रे बापा."

खेमराजनं उदारामला मिठी मारली. "भाऊजी, तुमच्या हाताचा गुन." हे त्यानं प्रेमानं म्हटलं, आणि भोवती जमलेले लोक हसले, कारण असं म्हणायचंच असतं. मग लगेच तो तुसाबद्दल बोलू लागला. ते तूस नवं होतं, यादोरावच्या गिरणीतलं. सारी करामत त्या तुसाची, दुसरं काय असणार?

शेठ म्हणाले, अशीच हजार बटणं आणून दे. खेमराजनं यादोरावच्या गिरणीतून गाडीभर तूस आणलं, बटणं केली, आणि ती सगळी इस्त्रीखाली वितळली. दुसऱ्या धानाचं तूस आणलं, तीही वितळली. धुतलेलं, न धुतलेलं, भाजलेलं, जुन्या ढिगातलं, नव्या ढिगातलं. तो गिरणीमागून गिरण्या पालथ्या घालत राहिला. लाख जास्त तापवावी हे त्याच्या मनातही आलं नाही, येणारच नव्हतं. लाख मारायची नसते, हा धडा त्याला उदारामनंच दिला होता. भट्टीवरच्या कोणत्याही माणसाला जन्मात सुचलं नसतं.

उदारामला मात्र पहिल्या दिवशीच उमगलं होतं. खरं सांगतो, ते पंधरा दिवस त्याला भात गोड लागला. खेमराजची हनुवटी दिवसेंदिवस खाली येत होती, आणि ती खाली येताना बघायला तो वेळेवर घरी येत होता.

पण ह्या सुखात एक खडा होता. ती चाळीस बटणं त्यानं केली होती. त्यानं. साऱ्या गोंदियात इस्त्री सोसणारं बटण एकाच माणसाला करता येत होतं, आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं. सांगावं तर पंचवीस वर्षांची शेखी मातीत, लाख मारली म्हणून. आणि मुद्दाम मारली, हे तर त्याहून वाईट. न सांगावं तर नाव तुसाचं. आता त्याला तुसाचाही हेवा वाटू लागला.

दिवाळीला चार दिवस उरले. उदाराम काही कामानं शेठच्या खोलीपाशी गेला आणि दारातच थबकला. आत खुर्चीवर यादोराव गिरणीवाला बसला होता. शेठनं त्याला बोलावून घेतलं होतं, पान दिलं होतं, आणि विचारत होते की असं तूस अजून कुठल्या धानाचं निघेल. यादोराव पाय हलवत, पान चावत, आपल्या तुसाचे गुण सांगत होता. खेमराज शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

तुसाचा मालकही खुर्चीत. उदाराम दारात.

हे मात्र त्याला सोसवलं नाही. ही गोष्ट ऐकणारे म्हणतात, त्याला पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप? तो मागून आला, आला असेल तर. त्या दुपारी तो तणतणत घरी आला तो निव्वळ यादोरावच्या हलणाऱ्या पायांमुळे.

खेमराजही थोड्या वेळानं आला आणि साचे गोणपाटात बांधू लागला. "उद्या शेठले देऊन येतो," म्हणाला. "माह्या नशिबात काडीकचराच आहे." रुख्मा जवळच बसली होती, चाळणी तिच्या हातात होती, आता नको म्हटलं तरी तूस चाळत होती. उदारामनं चुलीवर कढई ठेवली, लाख घातली.

लाख पातळ झाली. उदाराम हलेना.

"भाऊजी, उतरवा," खेमराज म्हणाला. "मरन ते."

"मरू दे."

"काऊन?"

"त्या दिशी बी मारली होती. तू लोहाराकडे गेला होता तवा." उदारामची नजर कढईतच होती. "चुकून नाई. पाहून पाहून मारली. तुहं वाटोळं व्हावं म्हनून."

रुख्माच्या हातातली चाळणी थांबली.

उदाराम वाट पाहत राहिला. त्यानं सगळं मनात धरलं होतं. खेमराज कॉलर धरेल, शिवी देईल, कढई लाथाडेल, निदान घर सोडून जाईन म्हणेल. त्यावर काय बोलायचं तेही त्यानं ठरवलं होतं. मी तुला आणलं, मी तुला शिकवलं, आणि खुर्ची तुला. हे सगळं एकदाचं तोंडावर फेकायचं होतं त्याला.

खेमराज साचे टाकून कढईजवळ सरकला. त्याचे डोळे चमकत होते.

"किती येळ?" त्यानं विचारलं.

"काय?"

"किती येळ ठेवली होती तवा? आठवून सांगा, भाऊजी."

उदारामचं एवढं मोठं पाप, इतके दिवस उराशी धरून ठेवलेलं, आणि ह्या माणसाला त्यातलं फक्त माप पाहिजे होतं. राग येण्याइतकी सवडही नव्हती त्याला. त्या क्षणी उदारामला खेमराजच्या खुर्चीचा, शेडचा, सगळ्याचा हेवा वाटायचा थांबला आणि एकाच गोष्टीचा वाटला. आपल्याला हे असं कधीच करता आलं नसतं. आपण शिवीच दिली असती.

"दोन बिड्या," तो म्हणाला. "पहिलीत पातळ झाली. दुसरी सरली तवा उतरवली."

खेमराजनं बंडीच्या खिशातून बिडीचा कट्टा काढून त्याच्यापुढे धरला. "मंग ओढा. पहिली आता झाली समजा, दुसरी ओढा. तशीच ओढा, घाई नोका करू. मी लाख पायतो."

उदारामनं बिडी तोंडात धरली आणि सवयीनं मान वळवली. रुख्मा उठली नाही. चूल दोन हातांवर होती, चिमटा तिच्या पायाशी पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी एका बिडीला नाही, दोन बिड्यांना निखारा तिनंच आणून दिला होता. तिनं नजर खाली केली आणि चाळणी हलवू लागली.

उदारामनं वाकून बिडी चुलीलाच पेटवली.

ती बटणं इस्त्रीखाली टिकली. त्यानंतरची हजारही टिकली. दिवाळीनंतर शेठनं शेड दिलं, फण्या झाल्या, कपाटांच्या मुठी झाल्या, लढाई संपेपर्यंत गोंदियाचा हा देशी कचकडा रायपूर, नागपूरपर्यंत जात होता. खेमराज मिस्त्री झाला. उदाराम काड्या वेचायला बसला नाही. खेमराजनं शेठला सांगितलं की लाख कधी उतरवायची ते भाऊजींनाच समजतं. हे सांगताना त्यानं दुसरं काही सांगितलं नाही, कधीच नाही. शेडमध्ये कढईपाशी त्यानं उदारामसाठी लाकडी खुर्ची ठेवली, शेठच्या खोलीत होती तशीच. पुढे भिंतीवर घड्याळ आलं, तरी नवा माणूस किती वेळ म्हणून विचारायचा तेव्हा त्याला सांगायचे, दोन बिड्या. का, ते फक्त तिघांना माहीत होतं.

रुख्मानं घरात भांडण केलं नाही. भात वाढत होती, बंडी शिवत होती, आल्यागेल्याशी हसून बोलत होती. जेवण झालं की उदाराम ओसरीवर बसायचा, बिडी काढायचा आणि थोडा वेळ तशीच हातात धरायचा. मग उठून चुलीपाशी जायचा.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले. उदाराम खुर्चीत बसला होता. खेमराज पेढा घेऊन आला, पायाशी वाकला आणि म्हणाला, "उस्ताद." भट्टीवरच्या पंचवीस वर्षांत त्याला हे कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि कढईकडे पाहिलं. लाख पातळ होत आली होती. त्यानं बिडी काढली, आणि निखारा घ्यायला तो खुर्चीतून उठला.